तरफेची बंदूक आणि परतलेली हरणे

आमच्या लष्करातील जुन्या वाड्याच्या ओसरीवर सांबराची शिंगे टांगलेली होती. आजोबांच्या मोठ्या भावाने मारलेल्या सांबराची ती शिंगे, एवढेच आम्हा मुलांना ठाऊक होते. पावसाळ्यात आई त्यांच्यावर ओल्या छत्र्या अडकवायची आणि गणपतीच्या दहा दिवसांत तिथेच तोरणाची दोरी बांधली जायची. ग्वाल्हेरच्या जुन्या मराठी घरांतून अशी शिंगे आजही कुठे कुठे दिसतात. ती कोणी, कशी, कोणत्या बंदुकीने मिळवली, हे सांगणारी माणसे मात्र आता राहिली नाहीत.

या शिंगांची आठवण होण्याचे कारण अगदी वेगळे घडले. माझा मावसभाऊ अमेरिकेतील इंडियाना राज्यात वीस वर्षांपासून राहतो. गेल्या वर्षी फोनवर बोलताना तो म्हणाला, "अरे, माझा शेजारी काल हरीण मारून आला. बंदूक अगदी काउबॉयच्या सिनेमातली, खालचा कडा खाली-वर करायची. आणि गंमत म्हणजे तिच्यात काडतूस पिस्तुलाचं! मी विचारलं, एवढ्या मोठ्या देशात चांगली रायफल मिळत नाही का? तर तो म्हणाला, आमच्याकडे कायदाच तसा होता."

मी म्हणालो, "दादा, कायदा जास्त ताकदीची बंदूक नको म्हणतो आणि कमी ताकदीची चालेल म्हणतो? असं का?" दादाकडे उत्तर नव्हते. पॉलिटेक्निकमध्ये मेकॅनिकलचे शिक्षण झालेल्या माणसाला असा प्रश्न पडला की तो सोडवल्याशिवाय चैन पडत नाही. वर्षभर जमेल तसे वाचत गेलो आणि बंदुकीपासून सुरू झालेली गोष्ट हरणापाशी आणि शेवटी आपल्या शिवपुरी-करेऱ्यापाशी येऊन थांबली. ती वाचकांसमोर ठेवतो.

शर्ट शिवणाऱ्याचा कारखाना

ठासणीची बंदूक म्हणजे किती खटाटोप, हे आपण ऐतिहासिक नाटकांत पाहिलेले असते. नळीत दारू घाला, गोळी घाला, गजाने ठासा, टोपी बसवा आणि मग एक बार काढा. कसलेला शिपाई मिनिटाला तीन बार काढी. हा वेळ वाचवण्यासाठी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर अमेरिकेत अनेक कारागीर डोके लढवत होते. वॉल्टर हंट नावाच्या संशोधकाने 1848 साली गोळीच्याच पोकळ बुडात दारू भरण्याची युक्ती काढली. तिच्यावर पुढे होरेस स्मिथ आणि डॅनियल वेसन या दोघांनी काम करून 'व्होल्कॅनिक' नावाचे शस्त्र बनवले. नाव ज्वालामुखीचे असले तरी प्रताप फुसका होता, कारण गोळीच्या बुडात दारू मावून मावणार किती?

या तोट्यातल्या धंद्यात ज्याचे पैसे अडकले होते तो ऑलिव्हर विंचेस्टर मूळचा शर्टांचा कारखानदार. कनेक्टिकट राज्यातील न्यू हेवन या गावी त्याचा कारखाना होता. त्याला बंदुकीतले काही कळत नव्हते, पण माणसे पारखता येत होती. बेंजामिन टायलर हेन्री हा कुशल कारागीर त्याने हाताशी धरला. हेन्रीने धातूच्या नळकांडीत दारू, गोळी आणि ठिणगीचा मसाला एकत्र असलेले काडतूस आणि ते चालवणारी बंदूक तयार केली. 1860 साली तिचे पेटंट निघाले. चाप झाकणारा कडा म्हणजे एक लांब तरफ. ती खाली ओढली की रिकामे काडतूस बाहेर पडे आणि घोडा चढे. तीच वर घेतली की नवे काडतूस नळीत जाई. नळीखालच्या लांब पोकळ नळकांड्यात सोळा काडतुसे एकामागे एक झोपलेली असत.

पुढे 1866 मध्ये कंपनीला विंचेस्टरचे नाव मिळाले आणि नेल्सन किंग याने बाजूच्या छोट्या झडपेतून काडतुसे भरण्याची सोय काढली. त्या वर्षीच्या बंदुकीचा मधला भाग पितळी रंगाचा होता, म्हणून लोक तिला 'यलो बॉय' म्हणत. आणि मग 1873 साली आली ती प्रसिद्ध विंचेस्टर. मधला भाग लोखंडाचा, काडतूस अधिक जोरदार. 'पश्चिम जिंकणारी बंदूक' अशी जिची जाहिरात पुढे झाली, ती हीच.

एकच काडतूस, दोन हत्यारे

या 1873 च्या बंदुकीचे काडतूस .44-40 या नावाने ओळखले जाते. यातील 44 हा आकडा इंचाच्या शंभराव्या भागात गोळीची ढोबळ जाडी सांगतो आणि 40 म्हणजे काळ्या दारूचे वजन ग्रेनमध्ये. आपल्या सोनाराच्या एका गुंजेत जवळपास दोन ग्रेन बसतात. गोळी 200 ग्रेनची, म्हणजे सुमारे 13 ग्रॅम, तोळ्याहून थोडी जड.

हे काडतूस आधी रायफलसाठी बनले. पण पाच वर्षांत, 1878 मध्ये, कोल्ट कंपनीने आपले रिव्हॉल्व्हर याच काडतुसासाठी बाजारात आणले. मग काय, गुराख्याच्या कमरेला रिव्हॉल्व्हर, खोगिराला रायफल आणि पट्ट्यात दोन्हींना चालणारी एकच काडतुसे. जिथे सर्वांत जवळचे दुकान दोन दिवसांच्या वाटेवर, तिथे या सोयीचे मोल मोठे. .38-40 आणि .32-20 अशी आणखी दोन भावंडेही आली. 1873 च्या नमुन्याच्या सात लाखांहून अधिक बंदुका बनल्या. पुढे जॉन ब्राउनिंग या विलक्षण प्रतिभेच्या संशोधकाने याच काडतुसांसाठी 1892 चा हलका आणि अधिक मजबूत नमुना दिला. तोही दहा लाखांच्या वर गेला.

यंत्र म्हणून पाहिले तर दोहोंत फरक आहे. 1873 च्या बंदुकीत आपल्या गुडघ्यासारखी दोन दांड्यांची जोडणी असते. गुडघा सरळ असला की पाय भार घेतो, वाकला की दुमडतो. तसेच हे. ब्राउनिंगने हा गुडघा काढून दोन उभ्या खुंट्या घातल्या. त्या वर सरकल्या की मागची बाजू कडीकोयंड्यासारखी बंद. म्हणूनच आज शंभर-सव्वाशे वर्षांनंतर जोरदार काडतुसांसाठी 1892 च्या धर्तीच्या बंदुका ब्राझीलमध्ये बनतात, आणि 1873 च्या हौशी नकला इटलीत.

आणखी एक बारकावा सांगतो. नळीखाली काडतुसे एकामागे एक ओळीने असतात, म्हणजे मागच्या गोळीचे टोक पुढच्या काडतुसाच्या बुडाला, नेमके ठिणगीच्या टोपीला, टेकलेले असते. गोळी टोकदार असेल तर धक्क्याने नळकांड्यातच स्फोट व्हायचा. म्हणून या बंदुकीच्या गोळीचे नाक चपटे ठेवतात. चपटे नाक हवेत लवकर अडते, वेग लवकर संपतो. म्हणजे बंदुकीची रचनाच तिला लांबचा पल्ला नाकारते. हा मुद्दा लक्षात ठेवावा, पुढे लागणार आहे.

हरणापर्यंत किती जवळ?

.44-40 ची गोळी नळीतून सेकंदाला 370-380 मीटर वेगाने निघते. आजच्या रायफलींच्या मानाने हा वेग निम्म्याहून कमी. शंभर यार्डांवर नेम जुळवलेली ही बंदूक दोनशे यार्डांवर झाडली तर गोळी हातभराहून अधिक खाली जाते. अमेरिकेतील पांढऱ्या शेपटीचे हरीण साधारण साठ ते एकशे तीस किलोचे. त्याच्या छातीतील हृदय-फुप्फुसाची जागा जेवणाच्या ताटाएवढी. तेवढ्या जागी गोळी लागली तर ते काही क्षणांत पडते. पोटात किंवा पायाला लागली तर जखमी जनावर मैलोन्मैल फिरून झुडपात तडफडत मरते आणि शिकाऱ्याला सापडतही नाही. म्हणून अशा बंदुकीचा जाणता शिकारी शंभर यार्डांच्या आतच, बहुधा साठ-सत्तर पावलांवरून बार काढतो. तेवढे जवळ जायचे तर वारा कोणत्या दिशेने वाहतो हे पाहावे लागते, पहाटेच्या थंडीत झाडाला टेकून तासन्‌तास बसावे लागते आणि पुष्कळ वेळा रिकाम्या हाताने परतावे लागते.

1894 साली ब्राउनिंगने आणखी एक तरफेची बंदूक दिली आणि पुढल्याच वर्षी तिच्यासाठी धूर न करणाऱ्या नव्या दारूचे .30-30 काडतूस आले. हे मात्र अस्सल रायफलीचे काडतूस. अमेरिकन खेड्यातल्या घराघरांत हीच हरणाची बंदूक झाली. सत्तर लाखांहून अधिक बनल्या. पिस्तुली काडतुसाच्या लांब बंदुका मागे पडत गेल्या.

त्यांना पुन्हा दिवस आले ते मॅग्नम काडतुसांमुळे. ज्या दोघांच्या फुसक्या व्होल्कॅनिकपासून आपली गोष्ट सुरू झाली, त्या स्मिथ आणि वेसन यांच्या नावाच्या कंपनीने 1935 मध्ये .357 मॅग्नम आणि 1955-56 च्या सुमारास .44 मॅग्नम ही रिव्हॉल्व्हरची काडतुसे आणली. दुसऱ्यामागे एल्मर कीथ या आयडाहोच्या शिकारी लेखकाचा अनेक वर्षांचा ध्यास होता. ही काडतुसे लांब नळीत घातली की वेगळीच वागतात. रिव्हॉल्व्हरची नळी वीतभर, शिवाय फिरते चाक आणि नळी यांच्यामधल्या फटीतून वायू निसटतो. रायफलीत फट नाही आणि नळी हातभर, त्यामुळे हळू जळणारी दारू गोळीला अधिक काळ ढकलत राहते. .44 मॅग्नमची 240 ग्रेनची गोळी रिव्हॉल्व्हरमधून सेकंदाला 410 मीटरच्या आसपास निघते, रायफलीतून 530 च्या आसपास. ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढते, म्हणजे जवळजवळ पावणेदोनपट. शंभर यार्डांच्या आत हरणाला ती पुरेशी. त्यापुढे मात्र चपट्या नाकाची गोळी वेगाने थकते.

तीन कोटींवरून तीन-पाच लाखांवर

आता बंदूक बाजूला ठेवून हरणाकडे पाहू. युरोपीय लोक येण्यापूर्वी उत्तर अमेरिकेत पांढऱ्या शेपटीची हरणे सुमारे तीन कोटी असावीत, असा अंदाज केला जातो. तिथले मूळ रहिवासी हजारो वर्षे हरणाच्या मांसावर आणि कातड्यावर जगत होते. मग कातड्यांचा व्यापार सुरू झाला. अठराव्या शतकाच्या मध्यास एकट्या चार्ल्स्टन बंदरातून वर्षाला लाखाच्या वर कातडी जहाजांवर चढत. बोलीभाषेत डॉलरला 'बक' म्हणतात, तो शब्द हरणाच्या कातड्यावरूनच आला असे मानले जाते. पुढे जंगले तोडून शेते झाली, आगगाडी आली आणि जंगलातले मांस शहरातल्या बाजारात पोचू लागले. शिकार हा पगारी धंदा झाला. 1900 च्या सुमारास हरणे उरली तीन ते पाच लाख. कित्येक राज्यांत तर एकही नाही.

याचा सगळा दोष तरफेच्या बंदुकीच्या माथी मारणे बरोबर होणार नाही. गवताळ प्रदेशातील रानरेडे, म्हणजे बायसन, मुख्यतः एकेक बार काढणाऱ्या जड बंदुकांनी मारले गेले. हरणे तर फासे, कुत्रे, मशाली, जे मिळेल त्याने मारली गेली. पण दर बाराला वाट पाहावी लागणे ही एक नैसर्गिक अडवणूक होती. ती या बंदुकीने काढून टाकली, हेही खरे. एका कळपावर एक बार काढून उरलेल्यांना पळताना पाहणारा माणूस आता एका दमात दहा-पंधरा बार काढू शकत होता. हाताला अडवणारे यंत्रात काही उरले नाही, तेव्हा अडवायचे काम माणसाच्या मनावर आणि कायद्यावर येऊन पडले.

ते आधी ज्यांच्या लक्षात आले ते स्वतः शिकारीच होते. थिओडोर रूझवेल्ट 1880 च्या दशकात डाकोटाच्या माळरानावर गुरे पाळत होता आणि 1876 च्या नमुन्याची विंचेस्टर घेऊन शिकार करत होता. जनावरे डोळ्यांदेखत संपताना पाहून त्याने जॉर्ज बर्ड ग्रिनेल या संपादक-निसर्गवाद्याबरोबर 1887 मध्ये शिकाऱ्यांचीच एक संस्था उभी केली. तिचे काम जनावरे वाचवण्याचे. 1900 साली आयोवाचे लोकप्रतिनिधी जॉन लेसी यांच्या नावाचा कायदा आला. एका राज्यात बेकायदा मारलेले जनावर दुसऱ्या राज्यात नेणे हा केंद्राचा गुन्हा ठरला. बाजारासाठी मारण्याच्या धंद्याचा कणा यामुळे मोडत गेला.

पण माझ्या मते सर्वांत विलक्षण पाऊल 1937 चे. त्या वर्षी पिटमन आणि रॉबर्टसन या दोन लोकप्रतिनिधींच्या नावाचा कायदा झाला. रायफली, शॉटगन आणि काडतुसांवरचा 11 टक्के अबकारी कर सरकारच्या सर्वसाधारण तिजोरीत न जाता वन्यजीवांसाठी राज्यांना वाटला जाऊ लागला. अट अशी की राज्याने शिकारीच्या परवान्यांचा पैसा दुसरीकडे वळवायचा नाही. देश मंदीत होता, बेकारी होती. तरीही बंदूक बनवणारे आणि चालवणारे या करामागे उभे राहिले. या पैशातून जमिनी घेतल्या गेल्या, अभ्यास झाले, हरणे असलेल्या राज्यांतून पकडून नसलेल्या राज्यांत सोडली गेली. आज पांढऱ्या शेपटीची हरणे पुन्हा सुमारे तीन कोटी आहेत. दरवर्षी साठ लाखांच्या आसपास मारली जातात, तरीही.

संपली तरी पंचाईत, वाढली तरी

परतलेली हरणे हा सगळा आनंदच होता असे मात्र नाही. ॲरिझोनातील कैबाब पठारावर 1906 मध्ये रूझवेल्ट यांनीच राखीव क्षेत्र केले. हरणांना अभय मिळाले आणि त्यांचे शत्रू असलेले लांडगे, प्यूमा आणि कोल्ह्यासारखे कोयोटी सरकारी माणसांनी टिपून मारले. हरणे वाढत गेली, पाला खाऊन जंगल खरवडून काढले आणि 1920 च्या दशकातील हिवाळ्यांत उपासमारीने पटापट मेली. आल्डो लिओपोल्ड हा तरुणपणी स्वतः लांडगे मारणारा वनाधिकारी अशाच अनुभवांतून बदलला आणि पुढे वन्यजीव-व्यवस्थापन या शास्त्राचा पाया घालणारा ठरला.

आज लांडगे-प्यूमा नसलेल्या इंडियाना, ओहायोसारख्या शेतीच्या राज्यांत हरणे मका आणि सोयाबीन फस्त करतात. देशभरात दरवर्षी दहा लाखांहून जास्त वेळा मोटारी हरणांवर आदळतात. म्हणजे हरणांची संख्या आवरणे आवश्यक. पण हा मुलूख सपाट, मैलामैलावर घरे, शाळा, रस्ते. जोरदार रायफलीची चुकलेली गोळी डोंगर नसेल तर कुठे जाऊन थांबेल? म्हणून अनेक वर्षे अशा भागांत फक्त शॉटगनला परवानगी होती. मग 2007 मध्ये इंडियानाने पिस्तुली काडतुसांच्या रायफलींना मुभा दिली. 2014 मध्ये ओहायोने आणि मिशिगनच्या दक्षिण भागाने सरळ भिंतीच्या काडतुसांना वाट मोकळी केली. नंतर इंडियानात नियम आणखी सैलही झाले. पण मूळ विचार असा की हरणाला पुरेल इतकीच ताकद हवी, शेजाऱ्याच्या घरापर्यंत पोचेल इतकी नको.

दादाच्या शेजाऱ्याचे कोडे असे सुटले. दीडशे वर्षांपूर्वी ज्या बंदुकीने हाताची अडवणूक काढून टाकली, तिचीच नात आज तिच्या तोकड्या पल्ल्यामुळे कायद्याला बरी वाटते. शेजारी परवाना काढतो, ठरलेल्या मोसमात भडक नारिंगी जाकीट घालून बसतो, मारलेल्या हरणाची नोंद करतो. आणि त्याच्या प्रत्येक काडतुसाच्या किमतीतला अकरावा-बारावा हिस्सा हरणांच्याच खात्यात जातो.

आणि आपल्याकडे?

आपला मार्ग वेगळा. आपल्याकडे शिकार ही फार करून राजेरजवाड्यांची आणि साहेबांची. कोल्हापूर, बडोदा या संस्थानांत शिकवलेले चित्ते काळविटांवर सोडत. आपल्या शिंदे सरकारांचे शिवपुरीचे शिकारीचे जंगल तर प्रसिद्धच. तेच आज माधव राष्ट्रीय उद्यान, 2025 पासून व्याघ्र प्रकल्प. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपण शिकारीचे दार लावून घेतले, आणि ते योग्यच केले. ग्वाल्हेर-चंबळच्या भागात बंदुकीचे वेड काय आहे हे आपण जाणतो. लग्नाच्या वरातीपासून बँकेच्या दारापर्यंत बारा बोर आणि 315 बोर खांद्यावर दिसते. 2008 मध्ये शिवपुरी जिल्ह्यात पुरुषांनी नसबंदी करावी म्हणून बंदुकीच्या परवान्यात प्राधान्य देण्याची योजना निघाली होती, यावरून ओळखावे. अशा मुलखात शिकार खुली ठेवली असती तर आज काळवीट चित्रातच दाखवावे लागले असते.

पण याच मुलखातील एक गोष्ट मला वर्षभर छळते आहे. शिवपुरी जिल्ह्यात करेरा येथे 1981 मध्ये माळढोकासाठी अभयारण्य झाले. इकडचे लोक त्याला सोनचिरैया म्हणतात. जमीन मुख्यतः शेतकऱ्यांची. संरक्षण मिळाले तसे काळवीट वाढले आणि कळपच्या कळप उभ्या पिकात शिरू लागले. शेतकऱ्याला जमीन सहज विकता येईना आणि काळवीट हाकलता येईना. लोकांचा राग साठत गेला, तो काळविटावरून अभयारण्यावर आणि तिथून बिचाऱ्या माळढोकावर गेला. ज्या पक्ष्याला गावाने इतकी वर्षे सांभाळले होते, त्याची राखण करायला गावातले कोणी उत्सुक राहिले नाही. काही वर्षांतच तिथे माळढोक दिसेनासा झाला आणि पुढे अभयारण्याचा दर्जाही काढून घेण्यात आला.

कैबाबमध्ये जंगल संपले, करेऱ्यात पक्षी संपला. दोन्हीकडे हरणांवर प्रेम करणाऱ्यांची चूक एकच. हरणाचे बिल कोण भरणार, हे आधी ठरवले नाही. अमेरिकेत 1937 पासून ते शिकारी भरतो, निदान बऱ्याच अंशी. आपल्याकडे ते शेतकरी भरतो. कालव्याच्या कामावर फिरताना मी हिवाळ्याच्या रात्री मचाणावर डबा वाजवत जागणारे म्हातारे पाहिले आहेत. सकाळी नीलगाईंनी तुडवलेला हरभरा दाखवताना त्यांच्या आवाजात रागही उरलेला नसतो. कायद्यात उभ्या पिकाचे नुकसान करणाऱ्या काही जनावरांबाबत विशेष परवानगीची तरतूद आहे, भरपाईचीही आहे. पण अर्ज, पंचनामा आणि हाती पडणारी रक्कम यांच्यातले अंतर किती असते, ते सरकारी नोकरीतल्या माणसाने वेगळे सांगायला नको.

मग शिकार सुरू करावी, असे मला म्हणायचे आहे का? मुळीच नाही. इथे परवाना हातात पडलेला माणूस साठ पावलांवर जाऊन तासभर थांबेल, याची मला खात्री नाही. ती शिस्त तिकडेही एका दिवसात आली नाही. सगळे संपत आले तेव्हा आली. मला एवढेच म्हणायचे आहे की, जनावर वाचवण्याचा आनंद शहराने घ्यायचा आणि खर्च गावाने सोसायचा, ही वाटणी टिकणारी नाही. 17 सप्टेंबर 2022 रोजी कूनोत नामिबियाचे चित्ते उतरले तेव्हा आपण सर्वांनी टीव्हीसमोर बसून टाळ्या वाजवल्या. त्या चित्त्यांना चितळ हवेत, चितळांना गवत हवे आणि त्या गवताच्या कडेला कोणाचे तरी शेत आहे. कूनोचे तिकीट, वन्यजीवांच्या नावे मिळणाऱ्या देणग्या, यातला ठरलेला हिस्सा थेट त्या शेताच्या कुंपणाला आणि भरपाईला जाईल, असा आपला स्वतःचा '1937' कधीतरी व्हायला हवा. त्यासाठी बंदूक लागत नाही. बिल आपल्याही नावावर आहे हे कबूल करावे लागते.

वाड्याची वाटणी झाली तेव्हा ओसरीवरची शिंगे कोणालाच नको होती. कायद्याने मालकीचे प्रमाणपत्र लागते, आणि ते काढायचे आमच्या मोठ्यांना कधी सुचले नव्हते. शेवटी काकांनी ती रीतसर वनखात्याकडे जमा केली. भिंतीवर दोन खुंट्यांची भोके तेवढी राहिली आहेत. यंदा तोरणाची दोरी बांधायला मुलाने तिथे नवे खिळे ठोकले. त्याने विचारले, "बाबा, इथे आधी काय होतं?" मी त्याला सांबराची गोष्ट सांगायला बसलो आणि बोलता बोलता ही सगळी हकिगत सांगून गेलो. ती इथे लिहून ठेवली आहे. विघ्नहर्त्याच्या दरबारात आपण सगळे आपापली विघ्ने सांगतो. मचाणावरच्या त्या म्हाताऱ्याचेही एक विघ्न त्याच्या कानावर घालावे, म्हणून हा लेखनप्रपंच.

गणपती बाप्पा मोरया!